एलिक्कुट्टीचं इंग्रजी

एलिक्कुट्टीला बाराशे अवघड इंग्रजी शब्द तोंडपाठ होते, आणि तरीही इंग्रजीच्या परीक्षेत ती दोनदा आपटली होती.

शब्दांची यादी कोट्टयमच्या क्लासवाल्यांनी दिलेली. सकाळी नाश्त्याचा पुट्टू, तांदळाच्या पिठाचा, वाफेवर ठेवला की ती यादी डब्याला टेकवून ती घोकायला लागायची. नवरा, पाप्पच्चन, रबराच्या झाडांचा चीक गोळा करून तेवढ्यात परतायचा. हात धुता धुता म्हणायचा, "एली, इतक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतंस, तर एव्हाना चर्चमध्ये तुझा पुतळा बसला असता."

"तुम्हाला थट्टा सुचतेय, इच्चाया. परीक्षा मला द्यायचीय." नवऱ्याला ती इच्चायाच म्हणायची.

पाला गावाजवळच्या एका मिशनच्या इस्पितळात, हाडांच्या वॉर्डात ती सतरा वर्षं नर्स होती. शीर कशी शोधायची, सुई कशी घालायची, हे तिनं ज्या पोरींना हात धरून शिकवलं, त्या एकेक करून आयर्लंडला गेल्या. तिथून बर्फातले फोटो यायचे, खाली 'एली चेची, तू कधी येतेस?' चेची म्हणजे ताई. तिथे नर्स व्हायचं तर ही परीक्षा पास व्हावी लागायची. बोलणं, ऐकणं, वाचणं यांत एलिक्कुट्टी पास व्हायची. अडायचं ते लिहिण्यात. रुग्णाची माहिती देणारं एक पानभर पत्र, तेवढंच. पण तेवढ्यातच तिचं गाडं रुतायचं. नणंद तर तोंडावर म्हणाली होती, "एकेचाळिसाव्या वर्षी कसली गं परीक्षा? आता तुझ्या लेकीला बसव."

जानेवारीत वॉर्डात कुरुविळा सर आले. वय अठ्ठ्याहत्तर. मिरीचे घोस तोडायला शिडीवर चढले आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. कोचीच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात त्यांनी चाळीस वर्षं मुद्रितं तपासली होती. म्हातारा महाखडूस. लापशी पातळ, उशी कडक, पंख्याचा आवाज, सगळ्याबद्दल तक्रार. रोज सकाळी पेपर उघडायचा आणि लाल पेन्सिलीनं त्यातल्या चुकांना गोल करायचे, हा त्यांचा नाश्त्याआधीचा उद्योग.

एके दिवशी शेजारच्या खाटेवरचा रुग्ण ओरडला म्हणून एलिक्कुट्टी धावली आणि सरांचा केसपेपर त्यांच्याच पांघरुणावर राहिला. परत येऊन बघते तो कागद लालेलाल.

"सिस्टर, इकडे या," सर म्हणाले. "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"मी थंडीला 'सेन्सिबल' आहे, असं लिहिलंय. म्हणजे थंडीच्या बाबतीत मी शहाणा माणूस. तुम्हाला 'सेन्सिटिव्ह' म्हणायचं असावं. आणि पुढे काय, तर रात्री मला 'कन्सिडरेट' वेदना होत्या. म्हणजे समजूतदार वेदना! अहो, रात्रभर डोळा लागू दिला नाही तिनं. कसली समजूतदार?"

समोरच्या खाटेवरचा ड्रायव्हर फिदीफिदी हसला. एलिक्कुट्टीचे कान तापले. त्यात वॉर्ड बघणाऱ्या मदर नेमक्या तेव्हाच आल्या. "इस्पितळाच्या कागदावर ही रंगपंचमी कोणी केली?" एलिक्कुट्टीला सगळा केसपेपर पुन्हा लिहून काढावा लागला.

दोन दिवस तिनं त्या खाटेकडे फिरकायचं टाळलं. औषधं द्यायला दुसऱ्या नर्सला पाठवलं. पण घरी भात वाढतानासुद्धा तिच्या डोक्यात तेच. दोन्ही वेळा आपण कुठे आपटलो, हे क्लासवाल्यांनी कधी सांगितलं नव्हतं. या म्हाताऱ्यानं दोन मिनिटांत सांगितलं, आणि चारचौघांत सांगितलं.

तिसऱ्या दिवशी तिनं शंभर पानी वही त्यांच्या पुढ्यात ठेवली. "सर, काय लाल करायचं ते यात करा. केसपेपरला हात लावायचा नाही."

त्यांनी तिची यादीही मागवून घेतली. चष्मा नाकावर ओढून दोन पानं चाळली. "हे सगळे तुला कुठे भेटले, मोळे?" 'मोळे' म्हणजे पोरी. तेव्हापासून ती 'सिस्टर' राहिली नाही.

"यादीतच."

"यादीत शब्द भेटत नाहीत. लग्नाच्या पत्रिकेवरची नावं वाचून माणसं कळतात का? कोण कुणाचा कोण, पंगतीत कुणाशेजारी बसतो, कुणाशी भांडतो, हे बघावं लागतं."

मग रोज दुपारी, रुग्णांचे डोळे लागले की वीस मिनिटं शिकवणी चालायची. नियम एकच. एक शब्द घ्यायचा, त्याची सगळी भावंडं लिहायची, आणि प्रत्येकाचं एक वाक्य आणायचं, मनानं रचलेलं नाही, कुठेतरी वाचलेलं. एलिक्कुट्टी औषधांच्या खोक्यातले कागद वाचायला लागली. विम्याची पत्रं, कुबड्यांबरोबरच्या सूचना, लिफ्टमधली पाटी, काही सोडलं नाही. 'मोबाइल' म्हणजे फोन एवढंच जगाला ठाऊक. तिच्या वहीत मात्र 'मोबिलिटी', 'मोबिलाइज', 'इमोबाइल' अशी हालचालीच्या शब्दांची अख्खी रांग लागली, आणि रांगेतला प्रत्येक जण वॉर्डातल्या कुठल्या ना कुठल्या खाटेवर पडलेला होता.

पाप्पच्चन वही बघून म्हणाला, "आता नवऱ्याचीही भावंडं लिहिणार का?"

"'हजबंड'चं एकच सापडलं, 'हजबंडरी'. म्हणजे गुरं पाळणं," ती म्हणाली. त्यानं तोंड पाडलं तशी तिला हसू आवरेना.

एकदा सरांनी तिला त्यांच्यावरच पत्र लिहायला सांगितलं. परीक्षेत असतं तसं, दुसऱ्या इस्पितळाला उद्देशून. तिनं लिहिलं आणि वही त्यांच्या हातात दिली. त्यांची पेन्सिल ओळीवरून सरकत गेली आणि एका जागी थांबली. वाक्य होतं, अंघोळ, कपडे, संडास या सगळ्यासाठी रुग्ण दुसऱ्यावर 'डिपेन्डंट' आहे.

सरांनी वही मिटली आणि तोंड भिंतीकडे केलं.

एलिक्कुट्टी चपापली. सतरा वर्षांत हा शब्द तिनं हजारदा लिहिला असेल. ज्याच्याबद्दल लिहिला त्यानं तो वाचलेला पहिल्यांदाच पाहिला. "सर, चुकलं का? मी खोडते."

"खोडू नकोस." भिंतीकडे बघतच ते म्हणाले. "बरोबर आहे. आपल्याला आवडला नाही म्हणून शब्द चूक ठरत नाही."

दुसऱ्या दिवसापासून तिनं शिकवणीच्या वीस मिनिटांतली दहा कापली आणि त्या वेळात सरांना वॉकर धरून उभं करायला सुरुवात केली. व्यायाम शिकवणारा सकाळी येऊन जायचाच, पण त्याला सर दाद देत नसत. हिच्यापुढे मात्र चालेना. "मी तुमची लाल पेन्सिल सोसते ना? मग तुम्ही हे सोसा."

"फार बोलायला लागलीस."

"मराल तर व्याकरण अर्धवट राहील. उठा."

शिव्या देत, घामाघूम होत ते उठायचे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, कुणाचाही हात न धरता, ते वॉकर घेऊन खिडकीपर्यंत अकरा पावलं गेले. एलिक्कुट्टीनं केसपेपरवर लिहिलं, रुग्ण अकरा पावलं 'इन्डिपेन्डंटली' चालला. मदरनी पाठ फिरवताच तिनं तो कागद सरांपुढे धरला. त्यांनी ओळ दोनदा वाचली. पेन्सिल उशाशी होती, पण तिला त्यांनी हात लावला नाही. नुसते म्हणाले, "पूर्णविराम ठळक दे."

एप्रिलमध्ये ते लेकीकडे गेले आणि एलिक्कुट्टी तिसऱ्यांदा परीक्षेला बसली. पत्र एका पडलेल्या म्हातारीवर होतं. घोकलेले दोन भारदस्त शब्द बोटांत येऊन बसले होते. तिनं त्यांना कागदावर उतरू दिलं नाही. म्हातारीला काय होतंय आणि तिला काय हवंय, तेवढं साध्या शब्दांत लिहून उठली. निकाल आला तेव्हा पाप्पच्चन झाडावर वाकून सालीला चीर देत होता. पास झाल्याचं तिनं सांगितलं. सुरी हातात तशीच धरून तो म्हणाला, "म्हणजे आता पुट्टू मलाच करायला शिकावं लागणार." आणि डोळे पुसायला झाडाआड गेला.

पुढच्या फेब्रुवारीत ती आयर्लंडला गेली, एका वृद्धाश्रमात. दीड वर्षानं नवरा आणि मुलगी गेले. पहिल्या महिन्यातच तिनं सरांना फोन केला होता.

"सर, इथे एक आजीबाई आहेत. पाय सुजून खांबासारखे झालेत. मी विचारलं, कसं वाटतंय? तर म्हणतात, 'ग्रँड.' ग्रँड म्हणजे भव्य ना?"

कुरुविळा सर आयुष्यात केरळाबाहेर पडले नव्हते.

"बरी आहे, एवढंच म्हणत असेल गं ती," ते म्हणाले. "काय सांगावं. मी ऐकलेलं नाही." मग खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. "म्हणताना हसली का? नीट आठवून सांग."