अळणी नवरात्र

गोळी सुरू झाली तेव्हाच लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "जेवणातलं मीठ सोडायचं नाही, पाणी कमी करायचं नाही. नाहीतर हीच गोळी अंगात साचून विष होईल." नवरा शेजारीच बसला होता. त्याच्या ध्यानात एवढंच राहिलं, की गोळी चुकवायची नाही.

माझं डोकं कधी लई चढतं, रात्र-रात्र झोप लागत नाही; कधी पार खाली बसतं, अंथरूण सोडवत नाही. त्यावरची ती गोळी. तिच्या जोरावर मी औशात घरी ब्लाऊज शिवते. सासूबाईंचा माझ्यावर जीव. म्हणून तर त्यांनी नवस बोलला, सुनेचं डोकं थाऱ्यावर राहू दे, नवरात्रात ती नऊ दिवस अळणी खाईल. बोलल्या त्या, खायचं मी!

"आत्याबाई, डॉक्टरनं मीठ सोडू नको म्हणलंय."

"देवीपेक्षा डॉक्टर मोठी हाय का?"

झालं. मी अळणी भाकरी गिळायला लागले.

पाचव्या माळेला हगवण लागली. मग सुईत दोरा ओवेना. बोटं आधीही जराशी कापायची, पण आता कोपरापासून हात उडायला लागला. उठले तर तोल गेला आणि घटापुढंच बसले. जीभ जड झाली. आपण मरतो की काय, असं वाटलं.

सासूबाईंनी माझा हात बघितला आणि माझ्या कपाळाला मळवट भरला. "आली गं बाई, आई आली!" गल्लीतल्या बाया जमल्या. एकीनं पायावर डोकं ठेवून विचारलं, "आई, माझ्या पोरीचं लगीन कवा?" अगं बाई, इथं मी मरायला लागले अन् तुला लग्न सुचतंय!

नवऱ्याला वाटलं, जुनं दुखणं उलटलं. पाण्याचा तांब्या आणि जास्तीची गोळी घेऊन तो पुढं बसला. "घे, बरं वाटंल."

"नको... दवाखाना," मी कसंबसं म्हणाले.

"आधी गोळी." त्यानं माझी हनुवटी धरली. गोळी ओठाला टेकली तसा मला डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द आठवला. दात घट्ट आवळले. एवढं सगळं समजावून सांगायला जीभ वळत नव्हती.

मग मी डोळे वटारले, होता नव्हता तेवढा जीव घशात आणला आणि घुमले. "लातूरला न्या! दवाखान्यात!"

सासूबाई ताडकन उठल्या. लेकाच्या हातातली गोळी त्यांनी उडवून लावली. "आईचा हुकूम हाय. गाडी बघ!" त्याच बाया अनवाणी रस्त्यावर धावल्या आणि त्यांनी जीप थांबवली.

वाचले. रक्त तपासलं, सलाईन लागलं, पुढं गोळीचं प्रमाण कमी केलं. आता सासूबाई ताटात आधी मीठ वाढतात, नवरा उठता-बसता पाणी पाजतो. तरी रोज गोळी घ्यायच्या आधी मी हात पुढं धरून बघते, कापतोय का. मी दवाखाना म्हणाले तेव्हा कुणी जागचं हललं नव्हतं. देवी म्हणाली, तेव्हा गाडी निघाली.

पुढच्या वेळी नवरात्र नसलं तर?