बी रुजवायची माती

नर्सरी चालवायला घेतली की रोपांपेक्षा गोष्टीच जास्त साठतात. आमची नर्सरी धुळ्याहून सोनगीरकडे जाताना रस्त्यालगतच आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात बी बाहेर लावलं तर भाजून निघतं, म्हणून लोक घरातच ट्रेमध्ये रोपं धरतात. मग विचारायला येतात, "ताई, माती कोणती घेऊ?" मी माती सांगते आणि ते घरचं सांगत बसतात.

जळगावचे एक रिटायर्ड साहेब होते. मातीतली बुरशी मारायची तर ती भाजून घ्यावी, असं त्यांनी मोबाईलवर पाहिलं. बायको देवळात गेलेली असताना त्यांनी पुरणाच्या कढईत शेणखताची माती भाजली. सगळ्या बिल्डिंगभर मढं जळल्यासारखा वास सुटला. घरात आधीचंही बरंच काही साचलेलं असणार, कारण वहिनी त्याच दिवशी माहेरी गेल्या.

महिन्याभराने साहेब आले तेव्हा मी विचारलं, "काय झालं मग?"

"रोपं आली," ते म्हणाले. "ती नाही आली."

साक्रीकडचं एक जोडपं आलं होतं. नवऱ्याच्या हातात ट्रे होता, त्यात टोमॅटोची रोपं कडेने करपलेली. "हिच्या हाताला यशच नाही," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

मी विचारलं, "कोकोपीट धुतलं होतं का?"

"धुवायचं कशाला? मीच भिजवलं ना."

नारळाच्या त्या भुश्शात खार असतो. दोन-तीन पाण्यांनी धुतला नाही तर कोवळी मुळं जळतात. मी त्याला तसं सांगितलं. मागे उभी असलेली बाई तेव्हा पहिल्यांदा बोलली. "ताई, हे आमच्या सासूबाईंना फोनवर सांगाल का? आम्हाला मूल नाही, त्याचा दोषही माझ्याच हाताला देतात."

नवरा म्हणाला, "चल, एसटी जाईल."

नरडाण्याजवळच्या एका नानांची जमीन कारखान्यांसाठी गेली. ताबा सोडताना त्यांनी शेतातली दोन गोण्या काळी माती घरी आणून ठेवली होती. मिरचीचं बी त्यातच लावायचं म्हणाले. मी सांगितलं, "नाना, काळी माती ट्रेमध्ये आवळून बसते. कोकोपीट आणि गांडूळखताचं हलकं मिश्रण घ्या."

"माझ्या मातीले नावं ठेवू नको," नाना म्हणाले आणि निघून गेले.

नंतर ते ट्रे घेऊनच आले. माती विटेसारखी झाली होती. मी एक ढेकूळ फोडलं, तर आत पांढरा कोंब वाकडा होऊन सुकलेला. नानांनी तो बराच वेळ तळहातावर धरला.

"उगवलं व्हतं," ते म्हणाले.

उरलेल्या गोणीचं काय करणार, असं मी विचारलं. "माझ्या सरणाखाली पसरा, पोरांले सांगी ठेयेल शे."

आणि एक भाऊ होते. बायको अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरांनी हात टेकलेले. तिला पडल्या पडल्या काहीतरी उगवताना बघायचं होतं. "मेथी न्या, लवकर येते," मी म्हटलं. तिला भरताची वांगीच हवी होती. मी हाताला मऊ लागेल असं मिश्रण करून दिलं. तिने स्वतः बोटाने बी दाबलं आणि ट्रे खाटेच्या उशाशी ठेवून घेतला.

बी उगवायच्या आत ती गेली.

काही दिवसांनी भाऊ आले. म्हणाले, "बठ्ठं उगनं. पण लांबट व्हयी गयं, माना टाकी राह्यनं."

"सगळी उगवली ना, पण उजेड नाही मिळत त्यांना. ट्रे अंगणात काढा, नाहीतर मरतील."

"तिनी ठेवेल शे तो. मी कसा हालावू?"

पुढच्या आठवड्यात त्यांच्या गावाकडे काम होतं म्हणून मी घरी डोकावले. खोलीत रिकामी खाट होती, उशाशी ट्रे जिथल्या तिथे. रोपं सरळ उभी होती, पानं गडद हिरवी. मी वर पाहिलं तर आभाळ.

"वरला पत्रा काढेल शे," भाऊ म्हणाले.

"आणि पाऊस आला तर?"

"येवो ना," खाटेकडे बोट दाखवत ते म्हणाले. "मी बी आठेच झोपस."