वहिनी नावाचा एकच डब्बा

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी मी इतकी वर्षं फोनवर घेत आले. यंदा नातीने इंटरनेटवर पान बनवून दिलं. माझी शाळा चौथीपर्यंतची, म्हणून तिने सोपं करून सांगितलं, "आजी, जो नाम भरेगा, उसके नाम का डब्बा अपने आप बनेगा. मुझे पहले से नाम लिखने की जरूरत नहीं." ती इथल्या हिंदी मुलखात वाढलेली, तिला मराठी समजतं, बोलते हिंदी. या डब्ब्याला तिच्या कॉम्प्युटरच्या कामात व्हेरिएबल म्हणतात.

धनतेरसच्या आदल्या दिवशी तात्यापारा मोहल्ल्यातल्या एक वहिनी दारात उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे जावयाचा पहिला दिवाळसण होता.

"माझे अनारसे?"

"तुमची ऑर्डरच नाही आली."

"काहून नाही आली? मी सोता भरली. आता जावयाले काय सोनपापडी देऊ?"

नातीने लॅपटॉप उघडला. "वहिनी नाम से एक ही ऑर्डर है. चिवडा."

तो चिवडा ब्राह्मणपाऱ्यातल्या दुसऱ्या वहिनींचा. मी दोघींनाही वहिनीच म्हणते. मला ओळखू यावं म्हणून दोघींनीही नावाच्या जागी तेच लिहिलं होतं. दोघींचा डब्बा एकच झाला, आणि चिवडा आत गेला तेव्हा अनारसे पुसले गेले.

"नाम की जगह वहिनी कौन लिखता है?" नात चिडली.

"मंग काय लिहू? तुझ्या आजीने मले दुसरं काही म्हटलंय का कधी?"

तांदूळ भिजवून नवं पीठ करायला आता वेळ नव्हता. घरच्यासाठी ठेवलेलं पीठ काढलं आणि कढई चढवली. वहिनी समोर बसून राहिल्या.

"खसखस जरा जास्त लावा."

"जावई खाणार आहे की खसखस मोजणार आहे?"

त्यांनी एक अनारसा मोडून जाळी बघितली. बरी पडली होती. मग नातीला विचारलं, "पुढच्या खेपेले काय लिहू?"

"अपना असली नाम, काकी."

"कोणतं? माहेरचं का लग्नात बदललेलं?"

नातीने लॅपटॉप परत पुढे ओढला. मग तिने नावाचा कारभारच काढून टाकला. आता डब्ब्याचं नाव फोन नंबरावरून बनतं. वहिनी अनारसे घेऊन गेल्या. आमच्या घरी यंदा अनारसे झाले नाहीत, चकलीवर भागवलं.