मिळालं म्हणण्याआधी

माझ्या पहिल्या वरिष्ठांइतकं अदबीनं 'नाही' म्हणणारा माणूस पुण्यात दुसरा झाला नसेल, आणि हे मी या शहरातल्या काउंटरांपुढे आयुष्य काढून म्हणतोय. कोथरूडला एका शिकवणीच्या क्लासच्या वरच्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. शाळा-कॉलेजांच्या वेबसाइट आम्ही करायचो. त्यात साहेबांचा जीव एकाच ठिकाणी अडकलेला: लोक फाइल अपलोड करतात ते बटण. फाइल मोठी निघाली की बाकीचे प्रोग्रामर इंग्रजीत एक लाल ओळ फेकून मोकळे होतात. साहेबांचं मात्र पत्रच असायचं. 'आपली फाइल बारा एमबीची आहे. इथे पाचपर्यंतच घेता येते. आपले श्रम वाया जाऊ नयेत म्हणून आधीच कळवत आहोत. ती लहान कशी करावी ते खाली दिले आहे.' एवढं कोण वाचतं, असं मी एकदा विचारलं. "ज्याची अडते तो वाचतो," ते म्हणाले आणि कामाला लागले.

'आधीच' हा तर त्यांचा धर्म. फाइल पूर्ण चढेपर्यंत माणसाला ताटकळत ठेवायचं आणि मग ती मोठी आहे म्हणायचं, याची त्यांना मनापासून चीड होती. शनिवार पेठेत ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे, लिफ्ट नव्हती. खाली कुणी ओळखीचं गाडी लावताना दिसलं की गॅलरीतूनच सांगायचे, ही घरी नाही, दूध संपलंय, कोरा चहा चालत असेल तर वर या. त्यांचे मेहुणे एकदा खालच्या खालीच परत गेले आणि वर्षभर बोलले नाहीत. तीन जिने वाचले की त्यांचे, असं साहेबांचं म्हणणं.

दुसरं वेड 'मिळालं' या शब्दाचं. आलेली फाइल सर्व्हरवर पुन्हा मोजल्याशिवाय हा शब्द ते पडद्यावर उमटू देत नसत. मोठ्या फाइलचे तुकडे करून ते एकेक घ्यायचे, मध्येच नेट गेलं तर थांबलं तिथूनच पुढे, आणि शेवटी सगळे तुकडे मोजायचे, ही सोय त्यांनी महिनाभर खपून केली होती. घरातही तेच. कुणी लग्नपत्रिका दिली की पार शेवटच्या 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं'पर्यंत उभ्यानं वाचायचे, आणि मगच म्हणायचे, मिळाली. देणारा बिचारा उरलेला गठ्ठा सांभाळत दारात उभा. आम्ही त्यांच्या मागे खूप हसायचो. आता त्याची लाज वाटते.

कारण निवृत्तीच्या आठवड्यात त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांनी एका चित्रकला महाविद्यालयाचा प्रवेशअर्ज ऑनलाइन केला होता. पेठेतल्या एका मुसलमान बुकबाइंडरच्या मुलीनं तो भरला आणि चौदा चित्रं जोडली. रंग नीट दिसावेत म्हणून तिनं ती मोठ्यात मोठ्या आकारात स्कॅन केलेली. ती मर्यादेबाहेर गेली आणि सर्व्हरनं गुपचूप टाकून दिली. पडद्यावर मात्र उमटलं, 'अर्ज मिळाला.' चित्रंच नाहीत म्हणून तिचा प्रवेश हुकला. वडील त्या पानाची प्रिंट घेऊन ऑफिसात आले. साहेबांनी त्यांना सांगितलं, तुमच्या नेटचा दोष असेल. तासाभरात साहेबांना कळलं, दोष आपलाच होता.

"पान मी त्याच दिवशी दुरुस्त केलं," साहेब म्हणाले. "त्यांना सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मी टाळलं."

बुकबाइंडरचं दुकान साहेबांच्या घरापासून तीन गल्ल्यांवर. इतकी वर्षं ते लांबच्या रस्त्यानं मंडईत जात होते. मी स्कूटर काढली आणि त्यांना मागे बसवलं.

बुकबाइंडर आता बरेच थकलेले होते. काउंटरमागे बसून त्यांची मुलगीच एका वहीला खळ लावत होती. साहेबांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, कुठलाही तपशील न गाळता. म्हातारे शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"साहेब, नेटचं ऐकून मी घरी येऊन पोरीलाच बोललो होतो," ते म्हणाले. "घाई केलीस, नीट पाठवलं नाहीस. फार बोललो." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "बेटा, तुझी चूक नव्हती."

ती हात पुसून आत गेली आणि नाडीनं बांधलेली एक जुनी फाइल घेऊन आली.

"बघता का, काका? तेव्हा कुणी बघितलीच नव्हती."

साहेब स्टुलावर बसले. दुकानात गिऱ्हाईक येऊन गेलं, रस्त्यावर कुणी हॉर्न वाजवत राहिलं, आणि ते एकेक चित्र हातात धरून पाहत होते. शेवटचं खाली ठेवून त्यांनी सगळी पुन्हा मोजली.

"चौदा," ते तिला म्हणाले. "मिळाली. सगळी."

तिनं मान हलवली आणि नाडी बांधू लागली. ती गाठ तिला बराच वेळ जमली नाही.

साहेब आता वारज्याला मुलाकडे असतात, अकराव्या मजल्यावर. खाली गाडी लावली की मी सवयीनं वर बघतो, पण तिथून हाक ऐकू येत नाही. म्हणून मी घरून निघण्याआधीच ते मला फोन करतात. दूध आहे, म्हणतात, ये.