लाइनच्या मागचे आवाज

लाइनवर उभ्या राहणाऱ्या रेफरीची पाठ कायम प्रेक्षकांकडे असते. हे मला रेफरीच्या कोर्समध्ये कोणी सांगितलं नव्हतं. झेंडा कसा धरायचा ते शिकवलं, ऑफसाइड तर इतक्या वेळा शिकवलं की मला ते झोपेतही दिसायचं. पण माणसं हातभर अंतरावर आपल्या मागे उभी असतात आणि आपण वळून बघायचं नसतं, हे पहिल्याच रविवारी मैदानावर कळलं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. रविवारी सकाळी हौशी फुटबॉल लीगच्या मॅचेसना लाइनवर रेफरी म्हणून जाते. खेळणारे बहुतेक आठवडाभर ऑफिसात बसणारे, तिशी ओलांडलेले. स्टँड नाही, कुंपण नाही. गवतावर एक पांढरी रेघ, आणि तिला लागून फोल्डिंगच्या खुर्च्या.

त्या रविवारी मैदानावर पोचले आणि एका टीमच्या जर्सीवरचं दुकानाचं नाव बघून थांबलेच. एडिसनमधल्या त्याच दुकानाच्या किचनमध्ये माझे बाबा फरसाण तळतात. आम्ही इथे अमेरिकेत आलो तेव्हा, इंग्रजी येत नसताना, मालकांनीच त्यांना कामाला घेतलं. मालकांना आम्ही सगळे काका म्हणतो. टीमही त्यांचीच. पुण्या-नागपूरची आयटीतली मुलं त्यांनी गोळा केलेली.

मुख्य रेफरी वयस्कर होते, अमेरिकन. मी त्यांना सांगितलं की या टीमच्या मालकांना मी ओळखते. ते म्हणाले, "इथे सगळेच सगळ्यांना ओळखतात. आयत्या वेळी दुसरं कोण मिळणार?"

तेवढ्यात काका आलेच. "अरे वा, आपलीच मुलगी! मग आज टेन्शनच नाही." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "आज हरलो तर खालच्या डिव्हिजनला जायची पाळी येईल. लक्ष असू दे हं आमच्याकडे."

मी म्हटलं, "बघते काका."

आमच्या घरी 'बघते' हे नाही म्हणण्याचं सभ्य रूप आहे. आईला कोणी भिशीला बोलावलं की ती 'बघते' म्हणते, आणि बोलावणारी समजून जाते. पण काकांच्या बाबतीत मी विचार केला नव्हता. त्यांना लोक 'बघतो' म्हणतात आणि मग ते काम करून टाकतात. इतकी वर्षं त्यांनी त्या शब्दाचा तेवढाच अर्थ ऐकला असणार.

दुसऱ्या हाफमध्ये काका खुर्ची उचलून माझ्या बाजूला आले. त्यांच्याबरोबर टीमचे दोनचार जण. आधी सगळी मजाच होती.

"ताई, झेंडा जड झाला असेल, ठेवा जरा खाली."

"अरे, तिला त्रास देऊ नका यार. आपली आहे ती."

"आपली आहे ना? मग प्रॉब्लेमच नाही."

हसले सगळे. मी समोर बघत राहिले. त्यांची टीम एका गोलने मागे होती. जसजसा वेळ सरत गेला तसं मागचं हसणं कमी झालं, आणि मग फक्त खुर्चीचा करकर आवाज. ते शांत झाले आहेत की जवळ आले आहेत, हे न वळता कळत नव्हतं.

अगदी शेवटी त्यांच्या स्ट्रायकरने गोल केला. पण पास निघाला तेव्हा तो शेवटच्या डिफेंडरच्या चांगला दोन पावलं पुढे होता. म्हणजे ऑफसाइड. झेंडा वर गेला. मी ठरवून केला असं नाही, हात गेला.

मला वाटलं, ओरडतील. कोणीच ओरडलं नाही.

"खाली कर," काका अगदी कानाशी म्हणाले. "अगं, शिट्टी अजून वाजली नाही. खाली कर."

हात दुखायला लागला. शिट्टी वाजली, गोल रद्द झाला. ते हरले.

"बरं," ते म्हणाले. "बोलतो मी तुझ्या बाबांशी."

मॅच संपल्यावर मुख्य रेफरींनी विचारलं, तो माणूस तुला काही बोलला का? धमकी असेल तर मला लीगला कळवावं लागेल. मी काकांच्या शेवटच्या वाक्याचं जसंच्या तसं भाषांतर केलं.

ते हसले. "वडिलांशी बोलणार? एवढंच? माझी शाळेतली टीचर असंच म्हणायची."

मी मनात ते वाक्य पुन्हा इंग्रजीत म्हणून पाहिलं. खरंच, त्यात काही नव्हतं. मी म्हटलं, हो, एवढंच.

पार्किंगमध्ये काकांची गाडी माझ्याजवळ हळू झाली. काच खाली आली. "दमलीस ना? आईला घेऊन ये एकदा जेवायला." ते छान हसले. त्या हसण्याने मला जास्त भीती वाटली.

पुढचे काही दिवस बाबा रोजच्यासारखे कामावर गेले, आले. मी अभ्यासाचं पुस्तक उघडून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे. मग एका संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "सोमवारपासून मला गोडाउनला टाकलंय. खोकी उचलायला."

आई म्हणाली, "त्या कमरेने?"

"काका बोलले तुमच्याशी?" मी विचारलं.

"बोलले. म्हणाले, मुलीला फार शिकवताय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? हो म्हटलं, शिकवतोय."

"बाबा, तो ऑफसाइड होता."

"मला त्यातलं काही कळत नाही गं." त्यांनी ताटात भात घेतला. "तू नीट पाहिलं होतंस ना?"

"हो."

"मग झालं."

पण आई जेवत नव्हती. गोडाउननंतर काय, हे तिने विचारलं नाही आणि बाबांनीही सांगितलं नाही.

जेवणं झाल्यावर लीगचा मेसेज आला. रविवारी पुन्हा लाइनवर, पुन्हा तीच टीम. येणार की नाही ते कळवायचं होतं. बाबा सिंकपाशी पाठमोरे उभे राहून ताटं धूत होते, एक हात कमरेवर. मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. मग येते म्हणून कळवलं, आणि त्यांच्या शेजारी जाऊन ताटं पुसायला लागले. रविवारचं त्यांना अजून सांगितलं नव्हतं.