यादीतलं दुसरं नाव

सुवा शहरातल्या कॉलेजात जीवशास्त्राची प्रयोगशाळा गेली एकोणीस वर्षं उनाइसी नाइवालू सांभाळते. प्राध्यापक तीन वर्षांच्या करारावर येतात, निरोपाच्या दिवशी रडतात आणि जातात. त्यांनी मागे ठेवलेल्या बाटल्यांवरची लेबलं उनाइसी खरवडते. वर्षअखेरच्या सुटीत पदवीच्या एका विद्यार्थ्याला आठ आठवडे खरंखुरं संशोधन करायला मिळतं. सूक्ष्मदर्शकाखालची काच कडेने धरायची असते, हे त्याला उनाइसी शिकवते. पुढे ही मुलं ब्रिस्बेनला, ऑकलंडला जातात आणि तिथून तिला सूर्यास्ताचे फोटो पाठवतात. सूर्यास्त सुवालाही होतो, हे ती त्यांना कळवत नाही.

ती स्वतःही विद्यार्थिनीच. दर सहामाहीला एक विषय असं करत अकरा वर्षांनी ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोचली. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ती सुटीतल्या त्या संशोधनाच्या अर्जाला पात्र झाली होती, आणि पदवी हातात पडताच अपात्र होणार होती. म्हणजे काय ते याच सुटीत.

जागा मिळाली प्रिनिता गाउंडरला. वय वीस. उनाइसीचं नाव यादीत दुसरं. पहिलीचं काम पहिल्या आठवड्यात सुरू झालं नाही, तर जागा दुसरीला, असा नियम होता. तो उनाइसीला पाठ होता.

आपण जळतो आहोत असं तिला वाटत नव्हतं. तिच्या फक्त काही गोष्टी लक्षात यायच्या. एकही आकडा हाती नसताना प्रिनिता ‘माझं संशोधन’ म्हणते. तिचे बूट नवे आहेत. काच मात्र अजून मधोमध धरते.

“आंटी, तुम्ही रागावला नाहीत ना?” प्रिनिताने एकदा विचारलं.

“मी कशाला रागावू? तुझे मार्क चांगले आहेत.”

“तुमचेही चांगलेच होते म्हणे एके काळी.”

हे ‘एके काळी’ उनाइसीला चार दिवस पुरलं.

काम होतं नुकुवूला गावच्या खडकांवरच्या समुद्रकाकड्या, म्हणजे तळाशी सरपटणारे काकडीएवढे जीव, मोजण्याचं. नुकुवूला म्हणजे उनाइसीच्या आईचं माहेर. विभागप्रमुख डॉ. लॉकयर बाईंनी ऑगस्टमध्ये गावाला पत्र लिहून परवानगी मिळवली होती. ऑक्टोबरात गावचा म्हातारा मुखिया वारला आणि शंभर रात्रींसाठी त्या पाण्यात पाऊल टाकायची बंदी झाली. पाने बांधलेले खुंट पाण्यात रोवलेले उनाइसीने डोळ्यांनी पाहिले होते, कारण अंत्यविधीला ती चटया विणायला गेली होती. कॉलेजात हे कोणालाच माहीत नव्हतं.

बोटीचा फॉर्म सहीसाठी तिच्याकडे आला. जीवरक्षक जाकिटं, पिण्याचं पाणी, दोर, पाण्यात लिहायच्या पाट्या. शेवटचा रकाना होता ‘इतर अडचणी’. उनाइसीने लिहिलं ‘नाहीत’, आणि सही केली.

गावात शिरताना वडीलधाऱ्यांच्या पुढ्यात भेट म्हणून ठेवायची यांगोना, जिचं पेय पिऊन गुंगी येते ती, प्रिनिताने स्वतः आणली होती. मुळांची जुडी न्यायची असते. तिने पावडरची पुडी आणली.

“हीच सोपी ना, आंटी? कुटायला नको.”

“सोपी तर आहेच,” उनाइसी म्हणाली.

सोमवारी सकाळी बोट सुटली. उनाइसीने पाण्यात घालायचा जुना शर्ट घरून आणला होता. प्रयोगशाळेत कोणी नाही असं बघून तिने त्याला इस्त्री केली. अकरा वाजता फोन आला. गावचा कारभारी आपाकुकी, तिचा मामा.

“उनाइसी, तुझ्या कॉलेजची पोरगी आली आहे. पावडर घेऊन.”

मागे दहाबारा माणसं हसली.

“किती आणली, मामा?”

“आमच्या मांजरालाही झोप यायची नाही, एवढी.”

“मग द्या पाठवून परत.”

“दिलीच असती. पण ती कागद दाखवते. अडचण काही नाही, खाली तुझी सही. आम्ही म्हटलं, हिने परवा इथे बसून चटया विणल्या, हिला बंदी ठाऊक नाही असं कसं होईल? मग तुझी मामी म्हणाली, अहो, ती वसू आहे. ती मागते आहे.”

वसू म्हणजे गावच्या लेकीचं मूल. मामांच्या गावात ते मागेल ते त्याचं; डुक्कर मागो, होडी मागो, कोणी तोंड वाकडं करायचं नाही. उनाइसीने हा हक्क जन्मात एकदाच वापरला होता, एका कोंबडीसाठी.

“नुसतं मोजायचं आहे, काढायचं काही नाही. तू मागितलंस तर विषय संपला. मागत नसशील तर पोरीला जेवायला घालतो आणि पाठवतो. पण मग सही कशी केलीस, ते तू येऊन सांग. सगळ्यांपुढे बसून.”

पलीकडे फोन मधोमध ठेवला होता. सगळा मामेपक्ष ऐकत होता. त्यातून प्रिनिताचा आवाज आला, तोंडात उकडलेला कसावा असावा. “आंटी, काही चुकलं का माझं?”

उनाइसीने इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं.

“मागते,” ती म्हणाली.

पलीकडे होकाराच्या, ओंजळ करून वाजवलेल्या जड टाळ्या ऐकू आल्या.

संध्याकाळी प्रिनिता ओल्या कपड्यांनीच प्रयोगशाळेत शिरली आणि तिच्या गळ्यात पडली. “आंटी, ते म्हणाले, इतकं मोठं कोणी कोणासाठी मागत नाही! आणि तेही माझ्यासाठी!”

उनाइसीने तिला गळ्यात पडू दिलं. मग विचारलं, “किती मोजल्यास?”

“अकरा. दुपारभर फिरले.”

“अकरा?” उनाइसीला राहवेना. “अगं, दुपारी त्या वाळूत शिरतात. तिथल्या सूर्य कलल्यावर वर येतात. पाण्यातल्या गवताच्या कडेला बघ, खडकात नाही.”

बोलून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की हे तिने स्वतःच्या अहवालाच्या पहिल्या पानासाठी राखून ठेवलं होतं.

प्रिनिताने पाटी काढली, सगळं लिहून घेतलं, तारीख घातली. खाली लिहिलं : निरीक्षण, प्रि. गाउंडर.