अकरावा पत्ता

इंदूताई कोळेकर कुणाच्याही कॉम्प्युटरपाशी आल्या की आधी दोन्ही हात पाठीमागं घ्यायच्या. कीबोर्डला हात नाही, माउसला नाही. ज्याचा मेल अडला असेल त्यालाच म्हणायच्या, "पडद्यावर काय लिवलंय ते मोठ्यानं वाच."

माणूस वैतागायचा. "ताई, इंग्रजीत काहीतरी एरर आलाय, तुम्हीच बघा ना."

"तेच वाच. ते बिचारं सांगायलंय काय झालं ते, अन् तू ऐकायच्या आधीच बंद करायलास."

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लहानसा कारखाना आहे. दवाखान्यात ऑक्सिजनच्या सिलिंडरवर बसतात ते रेग्युलेटर आम्ही बनवतो. इंदूताई तिथं टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या. सोयगाव तालुक्यातल्या एका गावच्या. वडील मेंढरं घेऊन आठ महिने बाहेर, घरात दहावी झालेल्या त्या पहिल्या. पुढं टेलिफोनचा बोर्ड गेला, कॉम्प्युटर आले. बोर्डाबरोबर बाई जाणार असं सगळ्यांनी धरलं होतं. पण त्यांनी दोनशे पानी वही केली, प्रत्येक अडचण आणि तिचा उपाय मराठीत लिहून काढला आणि दोन-तीन वर्षांत ऑफिसातल्या सगळ्या मेलचा कारभार त्यांच्याकडे आला.

एकदा खरेदी विभागातल्या कुलकर्णीसाहेबांना चार दिवस एकही मेल आला नाही. पुरवठादारानं मुद्दाम संबंध तोडले, असं म्हणून साहेबांनी फोनवर भांडणही करून घेतलं. इंदूताई हात पाठीमागं घेऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी वाचलं : पेटी भरली आहे. "साहेब, पाच वर्षांची सुप्रभातची फुलं साठवलीत तुमी," ताई म्हणाल्या. "नवीन पत्र बसंल कुठं?" साहेबांनी निमूटपणे फुलं काढली आणि अडलेले मेल येऊ लागले.

मी तपासणी विभागात होतो. ताईंच्या या पद्धतीला मीही हसायचो. त्या दिवसापर्यंत.

त्या दिवशी सकाळी एका खेपेच्या रेग्युलेटरमध्ये दोष सापडला. आतलं रबर कडक पडलं होतं. काटा बरोबर दाखवायचा, पण गॅस गळायचा. पेशंटपर्यंत पुरेसा ऑक्सिजन पोचत नव्हता. खेप अकरा दवाखान्यांत गेली होती. मी लगेच 'हे वापरू नका' असा मेल लिहिला, फोटो जोडले, दोष नीट कळावा म्हणून व्हिडिओही जोडला, अकराही पत्ते टाकले, दहा वाजता पाठवला आणि खाली मशीनवर निघून गेलो.

सव्वातीनला एका दवाखान्यातून दुसऱ्याच कामासाठी फोन आला. मी सहज विचारलं, "सकाळचा मेल वाचलात ना?"

"कुठला मेल?"

धावत वर आलो. मेल 'पाठवायचे'च्या यादीतच बसून होता. पाच तास. मी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. मग ब्राउझरमधून उघडायला गेलो. पासवर्ड आदल्याच दिवशी बदलला होता आणि घाबरलेली बोटं जुनाच टाकत होती. सहाव्या वेळी पडदा लाल झाला.

"हात काढ," पाठीमागून आवाज आला. "वाच."

"ताई, आता वाचत बसायची वेळ नाही—"

"वाच, संदीप."

मी वाचलं. चुकीचा पासवर्ड वारंवार टाकल्यामुळं खातं बंद केलं आहे. "हे झालं आत्ताचं. आता सकाळचं वाच." पहिल्या एररमध्ये स्पष्ट लिहिलं होतं : मेलचा आकार मर्यादेपेक्षा मोठा आहे. तो संदेश मी सकाळीच न वाचता मिटवला होता म्हणा, किंवा पाहिलाच नव्हता.

ताईंनी आपल्या टेबलावरून माझं खातं उघडून दिलं. "व्हिडिओ काढ. फोटो काढ. चार ओळी अन् खेपेचा नंबर, बास. अन् अकरा जणांना एकदम टाकू नको, एकेकाला पाठव. मी फोन लावते." मी पाठवत गेलो, त्या फोनवर एकच वाक्य बोलत गेल्या, "मेल उघडा, मी धरून ठेवते, नंबर मला वाचून दाखवा." एका ठिकाणी मेल नको त्या टपालाच्या, स्पॅमच्या पेटीत पडला होता, तो त्यांनी तिथून काढायला लावला. समोरच्यानं नंबर वाचला की वहीत खूण. मी म्हणालो, "ताई, गेलेत सगळे. यादीत दिसतायत."

"गेला अन् पोचला यात लई फरक हाय. मी अठरा वर्षं रिंगा ऐकल्यात."

दहा खुणा झाल्या. अकरावा मेल परत आला : असा पत्ता अस्तित्वात नाही. टाइप करताना एक अक्षर गळलं होतं. जालन्याच्या पुढचा एक छोटा दवाखाना. बरोबर पत्त्यावर पुन्हा पाठवला, पण तिथला फोन कुणी उचलेना. पाच वेळा, सात वेळा. ताईंनी डोळे मिटले, मग आमच्या वितरकाला फोन करून त्या दवाखान्याशेजारच्या औषधाच्या दुकानाचा नंबर मिळवला.

"भाई, दवाखान्यात पळत जा अन् सिस्टरला फोनवर आणा. जिवाचं काम हाय."

"रुको ताई, जाताच मैं," पलीकडचा म्हणाला.

आम्ही स्पीकरवर पावलांचा आवाज ऐकत राहिलो. मग एका सिस्टरचा धापा टाकणारा आवाज. "व्हय, नवीन रेग्युलेटर आलेत. एक लावलाय ना. वॉर्डात. म्हातारीला."

ताईंचा आवाज तसूभरही चढला नाही. "सिस्टर, तो काढा. जुना लावा. मी फोन ठेवत नाय."

किती वेळ गेला सांगता येत नाही. मी खुर्चीची पाठ धरून उभा होतो. फोनमधून भांडं पडल्याचा आवाज आला, कुणीतरी ओरडलं, मग काहीच नाही. ताई वहीवर पेन टेकवून बसल्या होत्या. शेवटी सिस्टर म्हणाली, "बदललाय. बोटाला लावायचं मशीन कमी दाखवायलं होतं, आता चढायलंय."

ताईंनी अकरावी खूण केली, तेव्हा कुठं पेन त्यांच्या हातून घरंगळलं.

त्यानंतर मालकांना अहवाल पाठवायचा होता. मी लिहिलं, 'सर्व ग्राहकांना सकाळी दहा वाजता कळवण्यात आले.' खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं. मेल दहाचाच होता. ताईंनी वाचलं.

"दहाला तू बटन दाबलंस. कळवलं कधी?"

"ताई, माझी नोकरी जाईल."

"जाईल बी. खोडून नीट लिव."

मी लिहिलं. पाच तास मेल अडकला होता, मी पाहिलं नाही, चूक माझी. नोकरी गेली नाही. पण तपासणीतून काढून मला गोडाउनला टाकलं. तिथं कुणी बोलायला येत नसे. इंदूताई जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन यायच्या, ज्वारीची भाकरी आणि ठेचा माझ्यापुढं सरकवायच्या आणि मेंढरांच्या गोष्टी सांगायच्या. त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. मी मात्र मनात त्यांच्यावर रागावलेलोच होतो.

पाच महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपाचा नारळ, शाल झाल्यावर मी त्यांना सोडायला गेटपर्यंत गेलो. राहवलं नाही म्हणून विचारलं, "ताई, ती एक ओळ तशीच राहू दिली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?"

त्या थांबल्या. "त्या म्हातारीचं नाव काय होतं रं?"

मला माहीत नव्हतं. पाच महिने मी माझ्या बदलीचा विचार केला होता, माझ्या नावाचा केला होता.

"काशाबाई," ताई म्हणाल्या. "नऊ दिवसांनी घरी गेल्या. मी रोज फोन करायचे."

त्यांनी शाल पिशवीत नीट घडी करून ठेवली आणि थांबलेल्या रिक्षात बसल्या.